ऊन पाठीशी

वाघाचा फोटो काढायला मी एकदा ताडोबाला गेलो होतो. फोटो आला. त्यात वाघाची शेपटी आहे. ती शेपटीच आहे, याबद्दल मात्र आमच्या घरात एकमत नाही. मुलाच्या मते ती वाळलेली फांदी आहे. सुनेच्या मते तो पुढच्या जीपमधल्या बाईंच्या पर्सचा पट्टा आहे. आणि बायकोच्या मते ते काहीही असलं, तरी त्याला पडलेले पैसे जास्त आहेत. रात्रभराची गाडी, पुढे टॅक्सी, राहणं, जेवणं, जंगलातली जीप, गाइड, आणि या सगळ्याच्या आधी विकत घेतलेली हातभर लांबीची लेन्स, अशी हिनं एका कागदावर बेरीज मांडली, तो कागद फोटोवर ठेवला आणि म्हणाली,

"अहो, एवढ्यात आपल्या गॅलरीत बसून शिंजिराचे हजार फोटो निघाले असते. आणि तेही अख्खे."

मी त्या वेळी काही बोललो नाही. लग्नाला पस्तीस-चाळीस वर्षं झाली, की कुठल्या वेळी काही बोलायचं नाही हे नवऱ्याला कळू लागतं. पण पुढे निवृत्त झाल्यावर, केवळ हिला खोटं पाडावं या शुद्ध हेतूनं, मी फोटोग्राफीचा इतिहास वाचायला घेतला. म्हटलं, जगातले थोर थोर फोटोग्राफर काय गॅलरीत बसून थोर झाले? समुद्र ओलांडले असतील, डोंगर चढले असतील, एखाद्याला वाघानं खाल्लंही असेल. तेवढे दाखले गोळा करायचे आणि एक दिवस चहाच्या वेळी शांतपणे समोर ठेवायचे.

झालं भलतंच. इतिहास पहिल्या पानापासून हिचीच बाजू घेऊन बोलू लागला.

आता हेच बघा. आज शिल्लक असलेल्या फोटोंपैकी जगातला सगळ्यांत जुना निसर्गदृश्याचा फोटो निसेफोर न्येप्स नावाच्या फ्रेंच गृहस्थानं १८२६ किंवा १८२७ साली काढला. त्यासाठी हा गृहस्थ आल्प्सवर गेला नाही, की साध्या पॅरिसलाही गेला नाही. बर्गंडीतल्या आपल्या खेड्यात, आपल्याच घराच्या वरच्या मजल्यावर गेला आणि त्यानं खिडकी उघडली. कथिलाच्या मिश्रधातूचा एक पत्रा, त्यावर डांबराच्या जातीच्या पदार्थाचा पातळ थर, आणि तो पत्रा बसवलेली पेटी खिडकीत. उजेड जिथं पडेल तिथं डांबर घट्ट होतं, बाकीचं नंतर धुऊन जातं, एवढंच त्यातलं शास्त्र. फोटो उमटायला किती वेळ लागला असेल? निदान आठ तास, असं पूर्वीपासून सांगतात. काही अभ्यासकांना तर तो काही दिवसांचा मामला वाटतो. तेवढ्या वेळात सूर्य या बाजूकडून त्या बाजूला गेला आणि समोरासमोरच्या दोन्ही भिंतींवर ऊन पडलं. म्हणजे एकाच फोटोत सकाळही आहे आणि संध्याकाळही आहे. शिवाय कबुतरखाना आहे, कोठाराचं उतरतं छप्पर आहे आणि नासपतीचं एक झाड आहे. जगातल्या सगळ्यांत जुन्या फोटोतलं झाड देवदाराचं नाही, वडाचं नाही, परसातलं आहे.

मला त्यात नवल वाटतं ते वेगळंच. त्या घरात एक खिडकी निदान आठ तास उघडी राहिली आणि तेवढ्या वेळात कुणी "पावसाचं लक्षण दिसतंय" म्हणून ती लावून घेतली नाही. आमच्याकडे न्येप्स जन्माला आला असता, तर जगातला पहिला फोटो खिडकीच्या झडपेचा निघाला असता.

त्या फोटोचं पुढे काय झालं, तेही ऐकण्यासारखं आहे. मधली कित्येक वर्षं तो कुणाच्या खिजगणतीत नव्हता. १९५२ साली हेल्मुट गेर्न्सहाइम या इतिहासकारानं त्याचा माग काढला, आणि आता तो अमेरिकेत टेक्सासमध्ये, ऑस्टिनच्या विद्यापीठात जपून ठेवलेला आहे. घराच्या खिडकीतून काढलेला फोटो, पण बघायचा तर आता विमानाचं तिकीट काढावं लागतं.

म्हटलं, एका दाखल्यानं काही ठरत नाही. पुढे गेलो, तर इंग्लंडमधले विल्यम हेन्री फॉक्स टॅल्बट भेटले. हे गृहस्थ मात्र खरोखरच प्रवासाला गेले होते. १८३३ साली, लग्नानंतरच्या वर्षी, इटलीत कोमो सरोवराच्या काठी. समोर निळं पाणी, भोवती डोंगर, बरोबर बायको. पंचाईत अशी होती, की बायकोला चित्र काढता येत होतं आणि टॅल्बटसाहेबांना येत नव्हतं. समोरचं दृश्य कागदावर गिरवता यावं म्हणून काचेच्या लोलकाचं एक यंत्रही ते वापरून बघत होते. पण यंत्र झालं तरी ते किती मदत करणार? पेन्सिल शेवटी आपल्यालाच धरावी लागते. तेव्हा निसर्गानं आपलं चित्र आपणच कागदावर उमटवलं तर काय बहार होईल, असा विचार त्यांच्या मनात आला. एवढा मोठा शोध, पण त्याचं मूळ चित्रकलेत नापास झालेल्या नवऱ्यापाशी निघावं, याचा मला फार आधार वाटतो.

पण खरी गंमत पुढे आहे. घरी परतल्यावर टॅल्बटनी लहान लहान लाकडी पेट्या करून घेतल्या आणि त्या आपल्या लॅकॉकच्या वडिलोपार्जित घराभोवती मांडून ठेवल्या. त्यांची पत्नी कॉन्स्टन्स या पेट्यांना उंदराचे सापळे म्हणत असे. सगळ्या फोटोग्राफरांच्या सगळ्या बायकांची परंपरा ही अशी १८३५ पासूनची आहे. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये एका सापळ्यात उंदीर सापडला. पोस्टाच्या मोठ्या तिकिटाएवढा निगेटिव्ह. पोस्टाचं तिकीट निघायला तेव्हा अजून पाच वर्षं होती, तो भाग वेगळा. त्या निगेटिव्हवर काय उमटलं होतं? टॅल्बटांच्या स्वतःच्या घरातली जाळीदार खिडकी. कोमो सरोवर कुठल्या कुठं राहिलं!

तिसरे दाग्येर. १८३८ च्या सुमारास त्यांनी पॅरिसमधल्या एका हमरस्त्याचा फोटो काढला. तोही वरच्या खिडकीतूनच. रस्त्यावर घोडे, गाड्या, माणसं यांची चांगली वर्दळ असणार. पण फोटो उमटायला काही मिनिटं लागत आणि तेवढ्यात जे हललं ते पुसलं जाई. त्यामुळे सगळा रस्ता रिकामा. उरला तो कोपऱ्यावरचा एकच गृहस्थ. तो पाय पुढे करून बूट पॉलिश करून घेत होता, म्हणून जागचा हलला नाही. फोटोत ओळखू येणारा जगातला पहिला माणूस तो हाच, असं मानतात. त्याचं नाव कुणाला माहीत नाही. घोडागाडीतून घाईघाईनं गेलेले पॅरिसचे मोठे मोठे लोक एकूण एक वाहून गेले आणि बूट पॉलिश करून घेणारा राहिला. थांबेल तो उमटेल, असा तो जुना कायदा होता. वाचकांनी हा कायदा ध्यानात ठेवावा. पुढे त्याचं काम आहे.

आता कुणी म्हणेल, ही साहेबांची कथा झाली, आपल्याकडचं काय? आपल्याकडे हे वेड लगोलग आलं. १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली. भाऊ दाजी लाडांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्या काळातले नावाजलेले हौशी फोटोग्राफर. पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचा वर्गही सुरू झाला. पण त्या काळची हौस म्हणजे अंगमेहनतीचं काम. काचेवर कलोडियन नावाचं चिकट औषध ओतायचं, ती काच चांदीच्या क्षाराच्या पाण्यात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची, फोटो घ्यायचा आणि ती वाळायच्या आत अंधारात नेऊन धुवायची. हा सगळा खेळ दहा-पंधरा मिनिटांचा. त्यामुळे फोटो काढायला निघालेल्या माणसाबरोबर एक काळोखा तंबू आणि अर्धं औषधांचं दुकान निघे. सॅम्युअल बोर्नसारखा माणूस हमालांची पलटण घेऊन हिमालयात अठरा हजार फुटांच्या वर चढला आणि तिथून फोटो घेऊन आला, हे खरं आहे. पण ज्याच्यापाशी पलटण नाही त्यानं काय करावं? त्याचा निसर्ग म्हणजे आपल्या तंबूपासून काच वाळायच्या आत पोचता येईल एवढाच.

माणसाची यातून सुटका केली ती जॉर्ज ईस्टमननं. १८८८ साली त्याचा कोडॅक निघाला. पंचवीस डॉलर किंमत आणि शंभर फोटोंची फिल्म आत भरलेली. शंभर झाले की अख्खा कॅमेराच कारखान्यात पाठवायचा. ते फोटो काढून, नवी फिल्म भरून परत पाठवत. १९०० साली त्याच कंपनीचा ब्राउनी आला, किंमत एक डॉलर. फोटोग्राफी शास्त्रज्ञांच्या, डॉक्टरांच्या आणि जमीनदारांच्या हातून निसटली आणि कारकुनाच्या हाती आली.

पुण्यात नारायण पेठेतल्या आमच्या वाड्यातल्या कारकुनाच्या हाती ती यायला मात्र आणखी बहात्तर वर्षं लागली.

आमचे वडील, ज्यांना आम्ही नाना म्हणत असू, सरकारी कचेरीत नोकरीला होते. पोस्टकार्डावर पत्त्याच्या कडेनंसुद्धा दोन ओळी बसवणारा माणूस. असा माणूस कॅमेरा घेईल, हे कुणाला खरं वाटलं नसतं. पण त्याला कारण होतं. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं आणि मुठेचं पाणी पेठांमध्ये शिरलं, तेव्हा मी एक वर्षाचा होतो. नानांनी मला, आईला आणि आजीला वेळेवर बाहेर काढलं. मागे राहिली एक लोखंडी ट्रंक. तिच्यात घरातले सगळे फोटो होते. सगळे म्हणजे चार. त्यांत माझ्या आजोबांचा एकुलता एक. पाणी ओसरल्यावर ट्रंक सापडली. उघडली, तर आत चिखलाची वडी.

आजी त्यानंतर पंधरा वर्षं होती. कधी कधी दुपारी तांदूळ निवडताना मध्येच थांबायची आणि म्हणायची, "मला ह्यांचं नाक आठवतं, कपाळ आठवतं, पण चेहरा काही जुळत नाही."

नाना यावर कधी काही बोलले नाहीत. अकरा वर्षं पैसे बाजूला टाकत राहिले आणि १९७२ साली त्यांनी ॲग्फाचा क्लिक थ्री घेतला. काळा, आटोपशीर डबा. लेन्सपाशी दोन चित्रं, एक उन्हाचं आणि एक ढगाचं. जसं आभाळ असेल तसं फिरवायचं. एका रोलात फोटो बारा. कधी उटीच्या सरकारी कारखान्यातली 'इंदू' फिल्म मिळे, कधी दुसरी कुठली. बारा फोटोंच्या त्या रोलात आमचा गणपती, दिवाळी, संक्रांत आणि कुणाची तरी मुंज एवढं बसे आणि तरी दोन शिल्लक राहत. ते दोन संपेपर्यंत रोल धुवायला टाकायचा नाही, असा नियम होता. त्यामुळे दिवाळीत आपण कसे दिसत होतो, हे आम्हाला होळीला कळे.

उरलेले दोन खर्च करायला नाना रविवारी आम्हाला घेऊन बाहेर पडत. पर्वती, लकडी पूल, कालवा, वेताळ टेकडी. सिंहगड म्हणजे परदेश. तिथं ते वर्षातून एकदा नेत आणि कॅमेरा बऱ्याचदा न वापरताच परत आणत. "नाना, आपण महाबळेश्वरला जाऊन फोटो काढू या ना," असं मी एकदा म्हणालो. ते म्हणाले, "महाबळेश्वरचे फोटो काढायला पुष्कळ लोक येतात. आपल्या कालव्याचा कोण काढणार?"

हे मला तेव्हा निव्वळ काटकसरीचं बोलणं वाटलं. तेव्हा मला बऱ्याच गोष्टी निव्वळ काटकसरीच्या वाटत.

फोटो काढायची त्यांची पद्धत सत्यनारायणाच्या पूजेइतकी ठरलेली होती. पहिला नियम, ऊन पाठीशी. कॅमेऱ्याबरोबर आलेल्या कागदात तसं छापलं होतं आणि छापील गोष्टींवर नानांची श्रद्धा होती. आता ऊन फोटो काढणाऱ्याच्या पाठीशी, म्हणजे फोटोतल्या माणसांच्या डोळ्यांत. आमच्या घराण्यातल्या सगळ्यांचे डोळे बारीक आहेत अशी आमच्या सोयऱ्यांची पुष्कळ वर्षं समजूत होती, ती या फोटोंमुळे. दुसरा नियम, आठ पावलं. आईला उभं करून तिच्यापासून ते आठ पावलं मोजत मागे जात, वळत, दोन्ही कोपर बाहेर काढून कॅमेरा डोळ्याला लावत आणि श्वास रोखत. छत्री डाव्या हाताला अडकवलेलीच. आई म्हणे, "अहो, लवकर. घरी जाऊन पोळ्या व्हायच्यात." आणि नाना श्वास रोखलेला असल्यामुळे उत्तर देऊ शकत नसत. मला वाटतं, आईनं त्यांना जे काही मनमोकळं ऐकवलं, ते या आठ पावलांच्या अंतरावरूनच.

मला या फोटोंची लाज वाटे. कॉलेजातल्या मित्रांच्या घरी काश्मीरचे रंगीत फोटो असत, आमच्याकडे कालव्याचे काळेपांढरे. नोकरी लागल्यावर मी पहिलं काम केलं ते चांगला कॅमेरा घेण्याचं आणि दुसरं काम केलं ते लांब जाण्याचं. ताजमहाल काढला, दाल सरोवर काढलं, कन्याकुमारीचा सूर्यास्त काढला. फोटो उत्तम आले. इतके उत्तम, की दुकानातल्या पिक्चर पोस्टकार्डांत मिसळले असते तर मला माझे वेगळे काढता आले नसते. ताडोबाची शेपटी या मालिकेतली शेवटची. ती तेवढी पोस्टकार्डावर मिळत नाही.

इथं मला हिचा शिंजीर आठवला. इतिहास वाचून मी निम्मा हरलोच होतो. म्हटलं, उरलेला निम्मा प्रयोग करून हरावा. आमच्या गॅलरीत, कपडे वाळत घालायच्या दोरीला शिंजिराच्या मादीनं घरटं बांधायला घेतलं होतं. बोटभर पक्षी, कोळ्याच्या जाळ्याचे धागे, वाळकी पानं आणि कापूस आणून लोंबती पिशवी विणतो आणि दारावर पावसाळी पडवीसुद्धा काढतो. हिनं त्या दोरीवर कपडे घालणं आधीच बंद केलं होतं. प्रश्न होता माझ्या लपण्याचा.

इतिहासात त्याचाही दाखला निघाला. यॉर्कशायरचे रिचर्ड आणि चेरी कीर्टन हे दोघे भाऊ. १८९२ साली लंडनजवळच्या एन्फील्डला त्यांनी कस्तुराच्या जातीच्या एका पक्ष्याच्या घरट्याचा, आतल्या अंड्यांसकट फोटो काढला आणि १८९५ साली इंग्लंडातल्या पक्ष्यांच्या घरट्यांवर पहिल्यापासून शेवटपर्यंत खऱ्या फोटोंचं पुस्तकच काढलं. पाखरं बुजू नयेत म्हणून त्यांनी बैलाचं कातडं सांगाड्यावर चढवून पोकळ बैल बनवला होता. आत एक भाऊ आणि कॅमेरा, बाहेर कुरण. निसर्गाच्या फोटोसाठी माणसानं काय काय केलं याची यादी करायची, तर पहिला नंबर या बैलाला द्यावा लागेल.

आमच्या सोसायटीच्या नियमांत बैल बसत नव्हता. मी कपडे वाळवायच्या स्टँडवर जुनी सोलापुरी चादर टाकली, तिला एक भोक पाडलं आणि आत स्टुलावर बसलो. रोज सकाळी सात ते नऊ. पहिले तीन दिवस मादी आलीच नाही. चौथ्या दिवशी समोरच्या इमारतीतल्या काकूंचा हिला फोन आला : "अहो, सांगू की नको असं चाललं होतं माझं. पण तुमच्या गॅलरीत चार दिवस झाले, एक चादर खोकतेय."

पाचव्या दिवशी मादी आली. नंतर येतच राहिली. अंडी उबली, दोन पिल्लं निघाली, आणि मी त्या भोकातून तीन-चार आठवडे एका हाताच्या अंतरावरचं जग बघत बसलो. तेव्हा कळलं, की फोटो काढणं हे निमित्त आहे. एरवी एक प्रौढ मनुष्य आपल्याच गॅलरीकडे रोज दोन तास बघत बसला, तर लोक डॉक्टरांना बोलावतील. हातात कॅमेरा असला, की चादर खोकतेय एवढ्यावर भागतं. पॅरिसच्या त्या बूटवाल्या गृहस्थाचा कायदा उलट बाजूनंही लागू होता. थांबेल त्याचा फोटो निघतो, तसा थांबेल त्यालाच फोटो मिळतो.

मद्रासचे एम. कृष्णन यांनी हे जन्मभर केलं. निरनिराळ्या कॅमेऱ्यांचे भाग जोडून त्यांनी घरच्या घरी एक अवजड कॅमेरा जमवला होता. त्याला ते थट्टेनं 'सुपर पाँडरोसा' म्हणत. १९५० पासून १९९६ पर्यंत, म्हणजे थेट मृत्यूपर्यंत, त्यांनी 'स्टेट्समन' वृत्तपत्रात निसर्गावरचं सदर लिहिलं. जंगलातल्या हत्तींवर त्यांनी लिहिलं, तसं घराच्या आसपासच्या कावळ्यांवर आणि खारींवरही लिहिलं. छेचाळीस वर्षं पुरतील एवढे विषय! आणि मी मात्र विषय संपले म्हणून ताडोबाची गाडी पकडत होतो.

एवढं झाल्यावर मी हिच्यापुढे पराभव मान्य केला. ती म्हणाली, "मग आता त्या जुन्या डब्याचं बघा. माळ्यावर धूळ खातोय."

डबा बिस्किटांचा होता आणि त्यात नानांचे निगेटिव्ह होते.

नाना १९९४ साली गेले. तेराव्याच्या आत भिंतीवर लावायला फोटो हवा होता आणि तेव्हा आमच्या ध्यानात आलं, की बावीस वर्षं घरात कॅमेरा असून नानांचा धड एक फोटो नाही. कसा असणार? काढणारे तेच. कॅमेरा दुसऱ्याच्या हातात ते देत नसत. फुकट जाईल, ही धास्ती. शेवटी पेन्शनच्या कागदांसाठी आईबरोबर काढलेला एक फोटो सापडला. त्यातले नाना कापून मोठे करून घेतले. पेन्शनच्या फोटोत कुणीही माणूस हयात असल्याचा पुरावा देतो तेवढाच. त्यापलीकडे चेहऱ्यावर काही नसतं. गेली तीस वर्षं ते भिंतीवर आहेत आणि नानांसारखे दिसत नाहीत. दोनचार वर्षांपासून मला एक जाणवायला लागलं होतं, ते मी घरात कुणाला सांगितलं नव्हतं. मला नानांचं नाक आठवत होतं, कपाळ आठवत होतं.

मुलानं ते निगेटिव्ह कॉम्प्युटरवर चढवून दिले. १९७५ साली कोडॅक कंपनीत स्टीव्हन सॅसननं जगातला पहिला डिजिटल कॅमेरा जुळवला, तो साडेतीन किलोंहून जड होता आणि एक फोटो कॅसेटवर उतरवायला त्याला तेवीस सेकंद लागत. मुलानं त्याहून कमी वेळात एकेक फोटो पडद्यावर उभा केला. वेताळ टेकडी. वैशाखातली सकाळ. आई उभी, डोळे बारीक. तिच्या शेजारी मी, आणखी बारीक. पाठीमागे खाली कोथरूडची शेतं आणि मोकळा माळ.

मी खुर्चीतून उठलो. कारण त्या माळावरच आम्ही राहतो. तिसऱ्या मजल्यावर, गॅलरीसकट. आमच्या घराचा पहिला फोटो नानांनी घर व्हायच्या आधी काढून ठेवला होता.

आणि खाली, फोटोच्या पुढच्या कडेला, एक सावली होती. ऊन पाठीशी घेतलं की ती पडणारच. कुठलाही स्टुडिओवाला त्याला चूक म्हणेल. गवतावरून लांबत जाऊन तिचं डोकं आईच्या पावलांपाशी पोचलं होतं. दोन्ही कोपर बाहेर. डाव्या हाताला छत्री. पुढचा फोटो काढला, त्यातही ती होती. पर्वतीच्या पायऱ्यांवर ती मोडून पडली होती, कालव्याच्या पाण्यावर थोडी हलली होती. एकूण छपन्न फोटोंपैकी एकतीस फोटोंत सावली. मी मोजले.

आईला बोलावलं. आई आता सत्त्याऐंशीची आहे. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आहे आणि टीव्हीवरची माणसं तिला सगळी सारखीच दिसतात. ती पडद्याजवळ वाकली आणि मी काही सांगायच्या आत म्हणाली, "अगंबाई, हे! बघ कसे उभेत. श्वास धरलाय त्यांनी."

मग बराच वेळ कुणी काही बोललं नाही. थोड्या वेळानं तिनंच विचारलं, "तो भिंतीवरचा काढून हा नाही का रे लावता येणार?"

आता भिंतीवर तो आहे. पाहुणे म्हणतात, "वा, तुमच्या आईंचा तरुणपणीचा फोटो वाटतं?" आम्ही हो म्हणतो.

परवा सुटीच्या सकाळी नातीला घेऊन वेताळ टेकडीवर गेलो. ती जागा शोधायला वेळ लागला. मधल्या काळात टेकडीवर झाडं लावली, ती वाढली. खाली शेतं नाहीत, पण इमारतींच्या गर्दीत आमच्या गच्चीवरची टाकी तेवढी ओळखू आली. हिला उभं केलं. आठ पावलं मोजली. ऊन पाठीशी घेतलं आणि मोबाइल डोळ्यांसमोर धरला.

नातीनं फोटो बघितला. "आजोबा, तुमची सावली आलीय. थांबा, मी पुसते. एका बोटात जाते."

"नको गं, राहू दे ती."

"पण चूक आहे ना ती?"

"हो, चूकच आहे. पण राहू दे."

तिनं फोटो आजीला दाखवला. हिनं चष्मा वर करून, मग खाली करून, नीट निरखून बघितला आणि म्हणाली,

"निदान टोपी तरी घालायची होती. सावलीतसुद्धा टक्कल दिसतंय."